देवानं सांगितलेली भाषा

"बाई, तुर्कस्तानाचा नाव आयकला हा मी. पण ह्या हंगेरी खय इला?"

बाबल गुरवानं भर देवळात हे विचारलं आणि धरणी पोटात घेईल तर बरं असं मला झालं. मी मुद्दाम दुपारी तीनची वेळ गाठली होती. त्या वेळी रवळनाथाच्या देवळात चिटपाखरू नसतं. पण माझं नशीब कुठलं एवढं चांगलं! बांधाच्या भांडणाचा कौल घ्यायला आलेले वरच्या वाडीचे चार बाप्ये सभामंडपात पान चघळत बसले होते, आणि हंगेरी म्हटल्यावर चौघांचेही कान टवकारले.

"युरोपात इला," मी म्हटलं. "तू गाऱ्हाणां घाल. देवाक भूगोल येता."

"देवाक येता ओ बाई, पण सांगूचा तर माका असा ना?"

बाबल माझाच विद्यार्थी. चौथीत दोन वर्षं माझ्यासमोर बसला आणि दोन्ही वर्षं भूगोलात गटांगळ्या खाल्ल्या. तेव्हा नकाशापुढे उभा करून त्याचा कान पिळला नाही, त्याची फळं मी आता भोगत होते.

ज्यांना आमच्याकडची रीत ठाऊक नाही त्यांना सांगते. तळकोकणात माणसाला दोन वाटांपैकी कुठली धरावी हे उमगेनासं झालं, की तो ग्रामदेवतेला कौल लावतो. गुरव भिजवलेल्या कळ्या देवाच्या पाषाणाला उजव्या आणि डाव्या अंगाला चिकटवतो, मोठ्यानं गाऱ्हाणं घालतो, आणि मग सगळे डोळे लावून बसतात. ज्या बाजूची कळी आधी पडेल ते देवाचं उत्तर. लग्नं, विहिरी, घराचे पाये, सगळं असं ठरतं. मी एकतीस वर्षं मास्तरीण होते. पोरांना विज्ञान शिकवलं आणि कौल लावणाऱ्यांना मनातल्या मनात हसले. आणि साठी उलटल्यावर मीच नारळ घेऊन उभी! कशासाठी? तर तुर्की शिकू की हंगेरियन, हे विचारायला.

हसा खुशाल. मीही हसले असते, दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर.

मला दोन मुली. थोरली वैजयंती, आमची वैजू, आणि धाकटी चारू. वैजू जहाजाच्या कंपनीत नोकरीला लागली आणि तुर्कस्तानात इझमीरला गेली. तिथं तिनं केमालशी लग्न केलं. चारू औषधांचं काहीतरी शिकायला हंगेरीत देब्रेत्सेनला गेली आणि तिला गाबोर भेटला. गावानं जे बोलायचं ते दोन्ही वेळा पोटभर बोलून घेतलं, मग दमून गप्प झालं. ह्यांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. एवढ्या मोठ्या घरात मी एकटी.

त्या वर्षी ऑक्टोबरात एकाच आठवड्यात दोघींचे फोन आले. दोघींनाही दिवस गेले होते आणि दोघींचेही दिवस मार्चातच भरत होते. वैजूचे नऊ तारखेला, चारूचे चौदाला.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण वैजूची आधीची दोन गेली होती, म्हणून डॉक्टरनं तिला पलंगावरून हलायलासुद्धा बंदी केली होती. चारूची नोकरी अशी, की रजा मिळणार ती तिथं राहूनच. म्हणजे पोरी माहेरी येणार नव्हत्या, माहेरानंच उठून जायचं होतं. आणि माहेर म्हणजे कोण, तर मी एकटी.

"आई, तू आली नाहीस तर मी मेले," चारू फोनवर म्हणाली.

"असं अभद्र बोलू नये गं."

"मग काय बोलू? सासूबाई म्हणतात, बाळाला रोज गॅलरीत झोपवायचं. मार्चात! बाहेर बर्फ असतो आई! म्हणे गार हवा लागली की मूल काटक होतं. मला शेक हवा, धुरी हवी, बाळाला तेल लावायला तू हवीस. त्यांना इंग्रजीचा गंध नाही आणि गाबोर आईपुढे गोगलगाय. तू हंगेरियन शीक आणि माझ्या वतीनं त्यांच्याशी भांड."

"पाच महिन्यांत मला भांडण्याएवढं येईल होय?"

"भांडण्याएवढं तुला दोन महिन्यांत येईल."

चारू अशीच. हवं ते हात पसरून मागायचं, मिळेपर्यंत भोकाड. वैजूचं उलट. तिच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे दगडातून पाणी काढायचं.

"कशी आहेस गं?" मी विचारलं.

"झोपून आहे."

"काही हवंय?"

"नाही." मग म्हणाली, "दुपारी स्वयंपाकाला एक बाई येते. चांगली आहे बिचारी, गप्पा मारायला बघते. मलाच बोलावंसं वाटत नाही. कुणी तिच्याशी बोलणारं असतं तर घरात जरा आवाज राहिला असता."

"मी येऊ?"

"चारूकडे जा आई. ती लहान आहे."

लहान! चारू तेव्हा एकतीस वर्षांची होती. पण वैजू हे लहानपणापासून म्हणत आलेली, आणि मीही ते सोयीनं ऐकत आलेली. तिचं पहिलं गेलं तेव्हा हे दवाखान्यात होते, मी गेले नाही. दुसरं गेलं त्या आठवड्यात चारूचं लग्न होतं, तेव्हाही मी गेले नाही. दोन्ही वेळा वैजू म्हणाली होती, "नको येऊस, मी ठीक आहे."

तुम्ही म्हणाल, पंधरा दिवस इकडे राहायचं, पंधरा दिवस तिकडे. मीही हेच म्हटलं होतं. पण मधे अंतर पाच दिवसांचं, आणि बाळंतिणीला सव्वा महिना सोडायचं नसतं. शिवाय व्हिसा, विमानं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे बोलणार काय? जावई दिवसभर कामावर. घरी डॉक्टरला फोन करायचा तर मला करायला हवा, औषध आणायचं तर मला जायला हवं. मुक्यानं बाळंतपण करता येत नाही. साठीनंतरच्या डोक्यात एक भाषा मावली तरी डोक्यावरून पाणी. म्हणजे जी भाषा शिकायची तीच पोर निवडायची, सरळ गोष्ट होती.

तरी मी लबाडी करून पाहिली. दोन्ही सुरू केल्या. वैजूनं कुरियरनं पुस्तक आणि सीडी पाठवली होती, चारूनं स्वतःच्या आवाजात धडे बोलून पाठवले होते. सकाळी आंघोळ झाली की तुर्की, संध्याकाळी दिवा लावला की हंगेरियन. तुर्कीत सफरचंदाला एल्मा म्हणतात, हंगेरियनमध्ये ऑल्मा. मला वाटलं, अरे वा, ह्या तर बहिणीबहिणी, एकीच्या कष्टात दोघी येतील! कसचं काय. सफरचंद संपलं की पुढे दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पंधरा दिवसांत माझ्या डोक्याची अशी खिचडी झाली, की दुकानात नारायणकडे साखर मागताना तोंडातून काय बाहेर पडेल याची मलाच धास्ती वाटायची.

पंधराव्या दिवशी चारूनं फोनवर परीक्षा घेतली. "दहापर्यंत मोज बघू." मी मोजायला लागले. चारपाच आकडे झाले आणि तिनं मला मधेच थांबवलं.

"आई, हे अर्धे आकडे तुर्की आहेत."

मी पुन्हा एकपासून मोजायला लागले.

"तू ताईचीपण शिकतेयस?"

"दोन्ही शिकतेय. बघू या म्हटलं."

"दोन्ही नाही व्हायच्या गं तुझ्यानं." आणि ती रडायला लागली. नेहमीचं भोकाड नाही, हुंदका आत दाबून. चारूला असं रडताना मी कधी ऐकलं नव्हतं. "ठरव ना आई. कुठली ते एकदा ठरव. अशी दोघींना टांगून नको ठेवूस."

ठरव म्हणे! कुठल्या आईला हे ठरवता येईल? तीन रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. वैजूला निवडलं तर चारू म्हणणार, तुझी लाडकी ती. चारूला निवडलं तर वैजू काहीच म्हणणार नाही, आणि ते तर जास्त वाईट. चौथ्या दिवशी उठले आणि नारळ पिशवीत घातला. देवानं सांगितलं म्हटलं की दोघींनाही माझ्यावर बोट ठेवता येणार नाही, आणि मलाही स्वतःवर. भक्ती वगैरे काही नव्हती हो. माझं ओझं मला दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर द्यायचं होतं.

तर असं मी बाबलपुढे उभी होते. त्यानं कळ्या भिजवल्या आणि माझ्याकडे वळला.

"उजवीकडे खयची ठेवू?"

"तुर्की," मी म्हटलं. विचार न करता म्हटलं.

त्यानं कळ्या लावल्या, हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. ते चार बाप्येही रीतीप्रमाणे उठून मागे उभे राहिले.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्यां तुझां लेकरू, आमच्या शाळेची बाई, तुझ्या पायाकडे इली असा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिची दोन चेडवां दोन मुलखात असत. एक तुर्कस्तानात, एक... बाई, काय ता?"

"हंगेरी."

"एक हंगेरीत! दोघांचीव बाळंतपणां एकदम इली असत. तिका एकच भाषा शिकूक जमतली. तुर्की शिकूची असात तर उजवो दी, हंगेरी शिकूची असात तर डावो दी! आणि काय चुकला माकला असात तर पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चौघं इतक्या जोरात म्हणाले, की माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. कोण कुठले बाप्ये, स्वतःच्या बांधाचं सोडून माझ्या हंगेरीसाठी घसा फोडत होते.

मग आम्ही वाट बघत बसलो. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मी उजव्या कळीकडे बघत होते. डावीकडे माझी नजर जातच नव्हती, म्हणून पडलेली मला दिसलीसुद्धा नाही.

"डावो!" बाबल ओरडला. "डावो दिल्यान देवान! हंगेरी!"

आणि त्या एका क्षणात मला सगळं लख्ख कळलं. मी विचारायला आलेच नव्हते. मी देवाकडून हो म्हणवून घ्यायला आले होते.

"बाबल, परत लाव."

"बाई!" त्याचा चेहराच उतरला. "देवाक परत इचारतत? तुमी माका कधी पेपर परत लिवूक दिल्यात?"

मी नारळ ठेवला आणि घरी आले. घरी आल्यावर पायरीवरच बसले, दिवेलागणीपर्यंत. आतमध्ये वैजूनं पाठवलेलं पुस्तक उघडं होतं तसंच होतं. आणि सारखं तिचं ते वाक्य कानात येत होतं, घरात जरा आवाज राहिला असता.

रात्रीच्या जेवणाआधी चारूला फोन लावला.

"मी देवाला कौल लावला आज," मी म्हटलं.

"रवळनाथाला?" तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. आजोबांचा हात धरून ती देवळात जायची, माझ्यापेक्षा तिचा देवावर जास्त विश्वास. "काय दिला?"

मी तोंड उघडलं. खरं सांगते, तोंड उघडेपर्यंत मला माहीत नव्हतं मी काय बोलणार आहे.

"उजवा," मी म्हटलं. "तुर्की."

मला वाटलं, आता फुटेल. ओरडेल, फोन आपटेल. तसं केलं असतं तर बरं झालं असतं. तसं केलं असतं तर मी कदाचित तिथल्या तिथं खरं बोलून टाकलं असतं.

"बरं झालं गं आई," ती हळू म्हणाली. "मला भीती होती, तूच ठरवशील. तू ठरवलं असतंस आणि ताईला निवडलं असतंस ना, तर मला जन्मभर ते लागून राहिलं असतं. देवानं ठरवलं, मग माझी काही तक्रार नाही. जा तू ताईकडे."

आता सांगा, यानंतर मी काय सांगायचं होतं?

फेब्रुवारीच्या शेवटी मी निघाले. गावात कौल काय पडला ते सगळ्यांना ठाऊक होतं. चार साक्षीदार होते, आणि आमच्या गावात चार म्हणजे चारशे. पण मला कुणी तोंडावर विचारलं नाही. बाबल एसटी स्टँडवर आला. माझी बॅग उचलून वर ठेवली आणि उतरून गेला.

इझमीरला पोचेपर्यंत मला बरी तुर्की येत होती. स्वयंपाकाच्या बाईशी मी दुपारभर बोलायचे, वाट्टेल ते, भाजी, पाऊस, तिचा नवरा. वैजू आतल्या खोलीत पडून ऐकायची. एकदा तिला हसतानाही ऐकलं मी, माझ्या उच्चारांना. चार महिन्यांच्या घोकंपट्टीचं तेवढ्यानं चीज झालं असं वाटलं.

सात मार्चला पहाटे कळा सुरू झाल्या. सकाळी साडेदहाला डॉक्टर बाहेर आला तेव्हा केमाल खाली कागदांवर सह्या करायला गेला होता. कॉरिडॉरमध्ये मी एकटीच. डॉक्टर भला माणूस. मी परदेशी बाई म्हणून तो अगदी सावकाश, सोप्या सोप्या शब्दांत बोलला. मुलगा होता. रडला नाही. त्यांनी सगळं करून पाहिलं. मला प्रत्येक शब्द कळला. एकही शब्द अडला नाही. त्या वेळी, फक्त त्या वेळी, मला वाटलं, ही भाषा मी शिकलेच नसते तर निदान केमाल वर येईपर्यंतची पाच मिनिटं मला मिळाली असती.

आत जाऊन वैजूला सांगितलं मीच. मराठीत. तिनं माझा हात जो धरला तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही. अडीच महिने मी तिच्याजवळ राहिले. ती बोलायची नाही, मी स्वयंपाकघरात त्या बाईशी बोलत राहायचे. मी तिथं नसते तर काय झालं असतं, हा विचार मी आजही पुढे नेत नाही.

चौदा तारखेला चारूला मुलगी झाली. सुखरूप. फोनवर मी तिचं अभिनंदन करायचं सोडून रडले, तीच मला समजावायला लागली.

"बघ आई, देवाला ठाऊक होतं," ती म्हणाली. "म्हणून त्यानं तुला ताईकडे पाठवलं. तो चुकत नाही."

तेव्हा माझ्या जिभेवर जे कुलूप पडलं ते पडलंच. वैजूला पुढे मूल झालं नाही. माझ्या तुर्कीला फोनवर बोलायला वैजूच्या घरची ती बाई तेवढी उरली, ती म्हातारी होऊन गावी गेली, मग तीही नाही. चारूची मुलगी झोफी सासूबाईंच्याच हाताखाली वाढली. गॅलरीत झोपली आणि खरंच काटक झाली, कधी साधी सर्दी नाही. चारू कामावर जायची, मराठी शिकवायला घरात कोण होतं? शिकवणारी तिकडे गेलीच नाही.

आठ वर्षांची झाल्यावर झोफी पहिल्यांदा गावी आली. माझी एकुलती एक नात. पायरीवर माझ्या शेजारी बसायची, माझ्या बांगड्या फिरवायची, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसायचो. दुसरं करणार काय? तिसऱ्या दिवशी चारू आम्हा दोघींना रवळनाथाला घेऊन गेली. बाबल होताच, केस पिकलेला. चारूनं नारळ ठेवला, देवाच्या पाया पडली, आणि तिथंच समोर बसून पोरीला गोष्ट सांगायला लागली. हंगेरियनमध्ये. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण कुठली गोष्ट चालली आहे ते कळत होतं. ती माझ्याकडे बोट करायची, वैजूचं नाव घ्यायची, देवाच्या उजव्या अंगाला हात दाखवायची. इतक्या प्रेमानं सांगत होती! बाबल फुलं वेचत होता. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पाठ करून उभा राहिला.

झोफीनं काहीतरी विचारलं. चारू हसली.

"आई, ती विचारतेय, डावा पडला असता तर तू आमच्याकडे आली असतीस ना?"

पोरगी माझ्या तोंडाकडे बघत होती. तिचे डोळे अगदी चारूचे. मराठीत उत्तर द्यायचं तर ते चारूच्या तोंडून जाणार, आणि माझं खोटं तिच्या तोंडून मला पुन्हा ऐकवत नव्हतं. त्या पंधरा दिवसांतला हंगेरियनचा एक शब्द कसा कोण जाणे डोक्यात राहिला होता. हो म्हणायचा.

"इगेन," मी म्हटलं.

झोफीचं तोंड एवढं फुललं! आजीला आपली भाषा येते म्हणून तिनं टाळ्याच पिटल्या, माझा हात धरला आणि भराभरा बोलायला लागली, लांबच लांब, मधे मधे प्रश्न विचारत. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यातलं मला काही म्हणजे काही कळलं नाही.